दमा नाही

१४ जून

बारके,

तुझी भिंगरी सुखरूप पोचली. सोबत दोन बॅगा, एक ड्रॉइंग बोर्ड आणि तुझ्या सूचनांचं गाठोडं. स्टेशनवर उतरल्या उतरल्या मला विचारते, "मावशी, तुझ्या लाँड्रीत भूत आहे असं आई सांगायची, ते अजून आहे का?" म्हटलं, आहे की, पगार मागत नाही म्हणून टिकलंय.

वरच्या खोलीत तिची खाट खिडकीपाशी लावली आहे. खाली मागे भट्टी, मधे इस्त्रीची टेबलं, पुढे काउंटर, सगळं तुला ठाऊक आहे तसंच. तुझे भावोजी गेल्यापासून गिऱ्हाइकांवर ओरडायचं काम तेवढं माझ्याकडे आलंय आणि ते मला चांगलं जमतं. नकाशे काढायला शिकवणारी तिची संस्था इथून चालत जाण्यासारखी आहे. सकाळी जाते, दुपारी येते, आणि आल्यावर स्वस्थ बसेल तर शपथ. हिचं नाव भिंगरी कोणी पाडलं, त्याला बक्षीस द्यायला हवं.

आता कामाचं. दम्याची पोर म्हणून तू तिला एकोणीस वर्षं काचेच्या कपाटात ठेवलीस. ही तर दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढते. काल भट्टीच्या वाफेत उभी राहून माझ्याबरोबर चादरी पिळल्या. धाप मला लागली, तिला नाही. मग दिवसातून तीनदा या गोळ्या कशासाठी? बाटलीवर चिठ्ठीसुद्धा नाही. औषधाचं नाव तरी कळव. समोरच्या शिंपीणबाईंच्या नवऱ्याने दम्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या, आता त्यांची हाडं खडूसारखी तुटतात. पोरीचं अजून सगळं आयुष्य जायचंय. विचार कर.

तुझी ताई

*

२३ जून

ताई,

तुझं पत्र काल आलं आणि मला रात्री डोळा लागला नाही. तू प्रेमाने लिहिलंस हे कळतं, पण गोळ्यांना हात लावू नकोस. बाकी सगळं तुझं ऐकते, लहानपणापासून ऐकत आले, एवढं एक माझं ऐक.

तीन वेळा म्हणजे तीन वेळा. सकाळची एकही चुकता कामा नये. ताप आला, उलटी झाली, दात काढायचा झाला, तर गोळ्या दुप्पट-तिप्पट द्यायच्या आणि लगेच मला तार करायची. तू म्हणशील, दम्याचा आणि दाताचा काय संबंध? डॉक्टरांनी सांगितलंय तसं मी करते, मला त्यातलं फार कळत नाही. भट्टीच्या खोलीत तिला पाठवू नकोस, घाम फार जाऊ देऊ नकोस. जेवणात वरून मीठ घेते, घेऊ दे. चिठ्ठी मीच काढली. येणारे-जाणारे वाचतात आणि मग चौकशा होतात.

यांचाही तुला निरोप आहे की गोळ्यांच्या बाबतीत चालढकल नको. हे कधी निरोप देत नाहीत, तुला माहीतच आहे. माझ्या शिवणाचं काम सध्या खूप आहे, शाळेचे गणवेश आलेत. तुझी माया तिच्यावर राहू दे, पण तुझे उपाय नकोत.

बारकी

*

५ ऑगस्ट

आई,

मी छान आहे. हे वाक्य आधी लिहिलं, म्हणजे तू पत्र उभ्याने वाचायची नाहीस.

आम्हाला आता जिने काढायला शिकवतात. एका पायरीची उंची चुकली की वरचा मजला हवेत लटकतो. माझा वरचा मजला कालच लटकला आणि सगळा वर्ग खो खो हसला. शेजारच्या टेबलावर एक मुलगा बसतो, त्याला सगळे लांब्या म्हणतात. त्याचा जिना तर खालच्या मजल्यातच घुसला होता, त्यामुळे माझी अब्रू वाचली. तो कधी कधी माझा बोर्ड उचलून लाँड्रीपर्यंत सोबत येतो. मावशी त्याच्याकडे डागाळलेल्या शर्टाकडे बघावं तसं बघते.

तोंडावर पुटकुळ्या फार आल्यात. मावशी म्हणते वय आहे. जरा दमायला होतं, पण अभ्यास खूप आहे आणि मी दुपारी मावशीला थोडी मदतही करते. तू भट्टीत जाऊ नको म्हटलंस म्हणून इस्त्रीच्या टेबलावर उभी राहते, रागावू नकोस.

आई, दमा कायमचा बरा होऊ शकतो ना? वर्गातल्या एकीच्या काकांचा झाला. तुला एक गंमत सांगायची आहे, पण पत्रात नाही. सुट्टीत येईन तेव्हा सांगेन. तू इतकी खूश होशील की शिवणयंत्र सोडून उठशील.

भिंगरी

*

१४ ऑगस्ट

भिंगरे,

गंमत काय आहे ते आत्ता सांग. मला सुट्टीपर्यंत थांबायला लावू नकोस. गोळ्या तिन्ही वेळा घेतेस ना? पुटकुळ्या किती आहेत? पाळी वेळेवर येते का? हे प्रश्न आईने पत्रात विचारू नयेत असं तुला वाटेल, तरी उत्तर लिही.

इस्त्रीच्या टेबलावरही उभी राहू नकोस. मावशीला मी वेगळं लिहीत नाही, तिला राग येतो. तूच समजूतदार आहेस. उलट टपाली उत्तर पाठव, दोन ओळींचं चालेल.

आई

*

९ सप्टेंबर

बारके,

हे पत्र तू एकटी असताना वाच. तुझ्या नवऱ्याच्या हातात पडू देऊ नकोस.

कसं लिहू कळत नाही. मी कधी आडपडदा ठेवला नाही, पण आज पेन जड झालंय. तुझ्या लेकीला गेले काही दिवस सकाळी उठली की उलट्या होतात. पाणीसुद्धा ठरत नाही. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते, परवा जिन्यात मटकन बसली. आणि बारके, दोन महिने तिची पाळी नाही. मी कपडे धुणारी बाई आहे, घरात कोणाचं काय चाललंय ते मला चादरींवरून कळतं, ते मला लपवता येत नाही. त्यावर खारटाचे असे डोहाळे की मिठाची बरणी घेऊन जिन्यात बसते आणि चिमूट-चिमूट मीठ नुसतं खाते. मी पाहिलं तर बरणी मागे लपवली.

मी तिला सरळ विचारलं. तो लांब्या कोण लागतो तुझा? आधी हसली. मग मी पुन्हा विचारलं, तेव्हा इतकी रडली की मलाच तिला पाणी आणून द्यावं लागलं. "मावशी, तुझी शपथ, काही नाही गं," एवढंच म्हणत राहिली. सगळ्याच मुली असं म्हणतात. त्या पोराला मी काल काउंटरवरूनच हाकलला. तो बापडा बोर्ड ठेवून निघून गेला.

औषधाने असं होत असेल म्हणावं, तर तेही नाही. तुला आता सांगून टाकते, रागाव हवी तितकी. जुलैतच मी तिला आमच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी छाती नीट तपासली, गोळी हातात घेऊन ओळखली, म्हणाले, दम्याचा मागमूस नाही, मग या गोळ्या उगाच हाडं खातील, हळूहळू कमी करा. माणूस चांगला आहे, एकदम बंद करू नका म्हणून बजावलं. आधी अर्ध्या केल्या, मग पाव, आणि गेल्या आठवड्यापासून पूर्ण बंद. तीच तुझी गंमत होती. पोरीला तुला येऊन दाखवायचं होतं, की आई बघ, मी बरी झाले. म्हणूनच तिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही.

तर आता काय ते ठरव. तू ये. मी तिला टाकून बोलणार नाही, पण हे एकटीने निस्तरणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. हनुवटीवर चार-दोन राठ केस आलेत, ते ती आरशापुढे उभी राहून उपटत असते. चेहराच बदललाय गं तिचा.

ताई

*

तार, १२ सप्टेंबर

भिंगरीला आत्ताच्या आत्ता मोठ्या इस्पितळात ने. गोळ्या लगेच दे, तिप्पट. मीठपाणी पाज. दमा नाही. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी जन्मापासून नीट चालत नाहीत असं डॉक्टरांना सांग. पोटुशी नाही. निघाले. बारकी

*

२८ सप्टेंबर

बारके,

तू गेल्यापासून हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जे उमटेल ते पाठवते.

तुझी तार घेऊन पोस्टमन आला तेव्हा मी तिला दटावत होते. खाटेवर पडून ती डोळे उघडत नव्हती आणि मी म्हणत होते, ढोंग पुरे, ऊठ. तार वाचली आणि मी ओरडत खाली धावले. इस्त्रीवाल्या दोघांनी तिला चादरीत घालून खाली आणलं. गोळी दिली ती उलटून पडली. इस्पितळात सुई टोचेपर्यंत तिची नाडी लागेना. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, आणखी एक रात्र घरी ठेवली असती तर सकाळ दिसली नसती. मी मेलेल्या माणसाच्या अंगाचे कपडे आयुष्यभर धुतले, बारके, पण तिला ज्या चादरीत नेलं ती माझ्याने अजून धुववत नाही.

तुझ्यावर माझा राग आहे आणि तो मी गिळणार नाही. मी तुझी सख्खी बहीण. मला दमा सांगितलास, डॉक्टरांनी दमाच शोधला. त्यांची चूक नाही, माझी म्हणशील तर अर्धी आहे. तू नुसतं एवढं लिहितीस की ताई, या गोळीवर तिचा श्वास चाललाय, तर मी ती पहाऱ्यात ठेवली असती.

आता इथलं. घरी आणून आठवडा झाला. चालते, थोडं खाते. माझ्याशी बोलते, पण तुझं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करते. डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं नीट समजावलं. मीही बाजूला होते. मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या दोन ग्रंथी असतात. त्यांतून एक रस येतो तो ताप-दुखणं पेलायला, दुसरा अंगात मीठ धरून ठेवायला. हिच्या ग्रंथींत ते दोन्ही बनवण्याची एक पायरी जन्मापासून नाही. मेंदू बिचारा हाकारत राहतो, आणखी बनवा, आणखी बनवा, आणि सगळा कच्चा माल तिसऱ्याच रसात जातो. तो पुरुषांच्या अंगात जास्त असतो, बायकांच्या थोडा. म्हणून पाळी थांबली, केस आले. गोळ्या चालू की मेंदू शांत, सगळं ताळ्यावर. बाई म्हणाल्या, लिंगाची घडण थोडी वेगळी होणं यात घाबरण्यासारखं काही नाही, अशी माणसं पुष्कळ असतात. मीठ निघून जाणं मात्र जीव घेतं.

मग भिंगरीने तुला विचारलं, माझ्या अंगावर खाली जो व्रण आहे तो कसला? आणि तू बाईंच्या देखत म्हणालीस, हर्नियाचा. बाईंनी खाली पाहिलं. पोरीने ते पाहिलं. त्यानंतरच ती तुला म्हणाली, तू जा.

आणि माझी झोप ज्याने उडाली आहे ते हे. गोळ्या ती माझ्यासमोर घेत नाही. बाटली उशीखाली ठेवते. काल मी मोजायला गेले तर माझा हात धरला. "ज्या बाईने एकोणीस वर्षं दमा सांगितला, तिने दिलेली गोळी मी का गिळू?" म्हणाली. घेते की नाही, मला माहीत नाही.

ताई

*

५ ऑक्टोबर

ताई,

तू मार मला, पण आधी तिच्या गोळ्या बघ. पाया पडते. भांडण नंतर करू.

तिला मी काय सांगू? यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता. ती पाळण्यात होती तेव्हा. हे वाईट नाहीत गं, तिच्या तापात रात्र रात्र उभे राहिलेत. पण चार लोकांत बोभाटा झाला तर पोरीला कोणी उभं करणार नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि माझ्याही. मी इस्पितळातून परत आले तर यांनी पहिला प्रश्न विचारला, कितीजणांना कळलं? दुसरा, ती कशी आहे? मग स्वतःच तोंड झाकून बसले.

तू सांग तिला. तुझं ऐकते ती. मी तुला सगळं लिहून पाठवते, तू तुझ्या शब्दांत सांग. तुला समोरासमोर बोलायची सवय आहे, मला नाही.

बारकी

*

११ ऑक्टोबर

बारके,

मला काही लिहून पाठवू नकोस. पाठवलंस तर न फोडता परत करीन. ती मुलगी तुझी आहे, माझी चादर नाही, की डाग तू पाडावास आणि मी काढावा.

सोबत तिचं पत्र आहे. काय लिहिलंय मी वाचलेलं नाही. काल पुन्हा उभ्या उभ्या झोक गेला तिचा. विचारलं तर म्हणाली, जागरण झालं.

ताई

*

१० ऑक्टोबर

आई,

चार प्रश्न आहेत. गोळ्या घेतेस का, हा तुझा प्रश्न असणार, त्याचं उत्तर तुझी उत्तरं आल्यावर.

माझ्या अंगावर काय कापलं? कोणी ठरवलं? मी तेव्हा आजारी होते म्हणून कापलं की दुसऱ्या कशासाठी? आणि मी जन्मले तेव्हा तुम्ही सगळ्यांना काय सांगितलं?

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, पण त्यांनी मला सप्टेंबरात पाहिलं. तू मला पहिल्या दिवशी पाहिलंस. बाई सांगतात ते खरं असेलही. पण दमाही मला खराच वाटायचा. मी शाळेत धावायच्या शर्यतीत कधी उतरले नाही, आठवतं? बाकावर बसून सगळ्यांचे बूट सांभाळायचे. जो आजार मला नव्हताच त्याला घाबरून. आता कोणी म्हणालं की ही गोळी घे नाहीतर मरशील, तर माझ्या मनात पहिल्यांदा येतं, हेही कोणीतरी लोकांना सांगायला बनवलेलं असेल.

मावशीकडून निरोप पाठवू नकोस. बाबांना विचारून लिहू नकोस.

भिंगरी

*

१७ ऑक्टोबर

भिंगरे,

बाबांना विचारलेलं नाही. ते कामावर गेलेत आणि मी यंत्रावरचं कापड बाजूला करून लिहिते आहे.

आधी गोळी, कारण तुला पत्र मिळेपर्यंतचे दिवस मला मोजवत नाहीत. गोळीबद्दल मी तुझ्याशी एकच खोटं बोलले, तिचं कारण. ती जीव वाचवते हे खरं आहे. तू तेरा दिवसांची होतीस तेव्हा दूध ठरेना, अंग वाळल्या फुलासारखं झालं, रडायचा आवाज बंद झाला. तेव्हा एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी ओळखलं की मीठ जातंय. पहिली मात्रा पाण्यात कालवून मी तुला चमच्याने पाजली आणि संध्याकाळी तू रडलीस. त्या रडण्याएवढा सुंदर आवाज मी अजून ऐकलेला नाही. मला वाटेल ते म्हण, पण गोळी घे.

आता तुझे प्रश्न.

तू जन्मलीस तेव्हा सुईणीने मुलगा की मुलगी सांगितलंच नाही. तुला गुंडाळून दुसऱ्या खोलीत नेलं. मी विचारत राहिले आणि सगळ्या बायका माझं पांघरूण नीट करत राहिल्या. पोटात असतानाच तो तिसरा रस जास्त झाला होता, म्हणून तुझा खालचा भाग नेहमीच्या मुलींपेक्षा वेगळा दिसत होता, काहीसा मोठा, आणि वाट अरुंद. आत गर्भाशय, बीजकोश, सगळं जागच्या जागी होतं आणि आहे. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, मुलगी आहे, गोळ्या घेतल्या तर वाढेल, पुढे मूलही होऊ शकेल. लोकांना आम्ही सांगितलं की बाळ आजारी आहे, कोणी भेटायला येऊ नका. महिनाभर दाराला आतून कडी होती.

तू दीड वर्षाची असताना ऑपरेशन झालं. जो भाग मोठा दिसत होता तो कापून लहान केला. हर्निया नव्हता. तू त्यासाठी आजारी नव्हतीस. तुला त्याचा काही त्रास नव्हता, लघवीला, खेळायला, कशाला नाही. डॉक्टरांनी सुचवलं, बाबांनी हो म्हटलं आणि सही मी केली. तुझे लंगोट कोणासमोर बदलता येत नव्हते, त्याची आम्हाला लाज वाटायची. गोळ्या तुझ्या जिवासाठी होत्या आणि ऑपरेशन आमच्या लाजेसाठी होतं. थांबता आलं असतं. तू मोठी झाल्यावर तुला विचारता आलं असतं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही असं लिहिणार होते, पण त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. घाई करू नका म्हणाले होते. आम्ही दुसरे डॉक्टर गाठले.

दमा माझा. शेजारीण बाटली बघून म्हणाली, कसल्या गं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं. बाबांना ते सोयीचं वाटलं. मग शाळेत तेच लिहिलं, ताईला तेच सांगितलं, आणि तू विचारायला लागलीस तेव्हा तुलाही. शर्यतीचं मला माहीत आहे. बूट सांभाळताना तू मान वर करायची नाहीस. मी कुंपणापाशी उभी राहून बघायचे आणि घरी यायचे.

आणखी काही लपवलेलं उरलं नाही. उरलं असतं तर या पत्रात कुठेतरी सांडलं असतं. माफ कर असं म्हणायला माझं तोंड नाही. गोळी घे, भिंगरे.

आई

*

२५ ऑक्टोबर

ताई, तिला पत्र मिळालं का? एक ओळ लिही. काहीही असो.

बारकी

*

६ नोव्हेंबर

ताई, तुझंही पत्र नाही. यांना मी सगळं सांगितलं, की मी लिहिलं. दोन दिवस बाहेरच्या खोलीत झोपले. आज सकाळी विचारलं, टपाल आलं का? मी रोज दारात उभी असते. पोस्टमन लांबूनच मान हलवतो. तार कर, नाहीतर मी निघते.

बारकी

*

९ नोव्हेंबर

आई,

जिवंत आहे. मावशीवर रागावू नकोस, मीच तिला लिहू दिलं नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं आणि मग गोळी घेतली. खरं सांगते, त्याआधी मी एक दिवस घ्यायचे, एक दिवस नाही. कोण खरं बोलतंय ते माझ्या अंगालाच विचारावं, असं डोक्यात होतं. मूर्खपणा होता. तू तेराव्या दिवसाचं लिहिलंस ते मला खरं वाटलं. खोटं बोलणारी माणसं स्वतःला इतकं वाईट दाखवत नाहीत, एवढं मला कळतं.

गेल्या आठवड्यात वर्गाला एक जुनी गिरणी मोजायला नेलं होतं. तिथे मला थंडी वाजून ताप भरला आणि उलटी झाली. तिप्पट गोळ्या घेतल्या, त्याही पडल्या. मग सुई लागते, हे मला डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं. सर म्हणाले, अपचन असेल, सावलीत बस. मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्या ग्रंथी काय बनवत नाहीत, मीठ कसं जातं, आणि सावलीत बसले तर मी सावलीतच मरेन. पुढे ते तिसऱ्या रसाचंही सांगितलं, कारण एकदा सुरू झाल्यावर अर्ध्यावर थांबायचा मला कंटाळा आला. सगळे मोजपट्ट्या हातात धरून ऐकत उभे. लांब्या म्हणाला, "म्हणजे तू मुलगा आहेस का?" म्हटलं, नाही रे गाढवा, मुलगीच आहे, पण मुलगा असते तर तुझ्यापेक्षा बरा झाले असते. मग त्यानेच मला पाठुंगळी घेऊन रस्त्यापर्यंत पळत नेलं. बोर्ड नेतो तसं. इस्पितळात काय टोचायचं ते मी सांगितलं. संध्याकाळी परत आले.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले. दोघी जरा लांब बसल्या. बाकीच्यांनी गिरणीची मापं मागितली, कारण माझीच तेवढी बरोबर होती.

ऑपरेशनचं मी विसरणार नाही. माफ करेन की नाही, माहीत नाही. आज तरी नाही. काही रात्री तुझा इतका राग येतो की उशी चावते. हेही तुला माहीत असू दे, तू काही लपवलेलं उरलं नाही म्हणालीस म्हणून.

पण पुढच्या महिन्यात तपासणी आहे, तिला तू ये. लहानपणी तू मला बाहेर बसवून आत डॉक्टरांशी बोलायचीस. यावेळी आत ये, माझ्या शेजारी बस. बोलणार मी. तू ऐक.

आणि हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. खिडकी लावू नकोस.

भिंगरी